नव्या कॉम्प्युटरचे पहिल्या दिवसाचे आकडे

मे महिन्यात भाची पुण्याहून आली ती खोकी घेऊनच. कॅबिनेट, मदरबोर्ड, रायझन प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणारा डबा). आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रेंडरिंगला, म्हणजे आराखड्याचं खरं वाटणारं चित्र बनवायला, जुना लॅपटॉप पुरेना. "मावशी, जोडायचं मी बघते, तू फक्त शेजारी बस," म्हणाली. तिने खरंच नीट जोडला. पंखे फिरले, स्क्रीनवर चित्र आलं, आणि ती लगेच विंडोज टाकायला निघाली. मी तिला थांबवलं. आधी व्होल्टेज मोजायचं आणि कागदावर लिहायचं, मग बाकी सगळं.

तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं सहायक होते. तिथे एक गोष्ट पक्की कळली. बिघाड झाल्यावर मोजलेला आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. तेच यंत्र धड असताना किती दाखवत होतं हे माहीत असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. कॉम्प्युटर धड असल्याची खात्री सर्वांत जास्त पहिल्याच दिवशी असते, म्हणून मोजायचं ते तेव्हा.

सुरुवात मात्र कॉम्प्युटरपासून करायची नाही. भिंतीतल्या सॉकेटपासून करायची.

आधी भिंत

मल्टिमीटर (व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) एसी व्होल्टवर, ६०० किंवा ७५० च्या रेंजला ठेवा. आपल्याकडच्या तीन पिनांच्या सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडचं फेजचं आणि डावीकडचं न्यूट्रलचं असायला हवं. तीन मोजमापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास येतं. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर तीन-चार. प्रोबचा, म्हणजे मीटरच्या वायरीच्या टोकदार सळईचा, धातूचा भाग हाताला लागू देऊ नका, पायात कोरडी चप्पल हवी, फरशी ओली नको. शाळकरी मुलाला हे काम देऊ नका.

आमच्याकडे ज्या खोलीत टेबल मांडलं होतं तिथे फेज-न्यूट्रल २२८ आलं. फेज-अर्थ १७१ आणि न्यूट्रल-अर्थ ५७. याचा अर्थ सॉकेटमधली अर्थची वायर कुठेच पोचत नव्हती, अधांतरी लोंबत होती. भाची म्हणाली, "पण कॉम्प्युटर तर चालला!" चालणारच. अर्थिंग नसलं म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही, म्हणून तर वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही.

एसएमपीएसच्या आत येणाऱ्या विजेवर एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांनाही पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा बारीक प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, ११० ते ११५ व्होल्टला तरंगत राहतो. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ना, ती हीच गोष्ट. प्रवाह अगदी कमी असतो, पण टीव्हीची किंवा प्रिंटरची केबल त्याच अवस्थेत खोचली तर पोर्ट जाऊ शकतो. आणि एसएमपीएसमध्ये खरंच शॉर्ट झाला, तर पत्र्यावर आलेली वीज वाहून न्यायला काही उरत नाही.

आमचं घर जांभ्याच्या कातळावर आहे. कातळात अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि जांभा कोरडा पडला की वीज सहज वाहू देत नाही. त्यात खाऱ्या हवेने लोखंड खातं. वायरमन आला तेव्हा बाहेरच्या पाइपावरचा जोड गंजून सुटलेला दिसला. त्याने जोड घासून नवा केला, खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, दोन बादल्या पाणी ओतलं. मग आकडे आले ते असे: २२८, २२७ आणि १.२. एक सांगायला हवं. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह घेतो की अर्धवट अर्थिंगसुद्धा त्याला चांगलं वाटू शकतं. भार टाकून अर्थिंग तपासणं हे वायरमनचं काम, ते घरी करायला जाऊ नका.

घरात इन्व्हर्टर असेल तर एक जादा गोष्ट. त्याचं आउटपुट चौकोनी लाटेचं असेल तर साधा स्वस्त मल्टिमीटर तिथे खऱ्यापेक्षा साधारण ११ टक्के जास्त आकडा दाखवतो, कारण त्याचं गणित साइन लाटेसाठीच बसवलेलं असतं. तो आकडा बघून घाबरू नका. मात्र चांगल्या एसएमपीएसमधल्या पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या भागाला चौकोनी लाट कधीकधी मानवत नाही आणि कॉम्प्युटर बंद पडतो. शक्यतो साइन लाटेचाच इन्व्हर्टर घ्या, आणि त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा.

एसएमपीएस सुटा असताना

मागच्या बाजूला लाल सरकबटण असेल तर ते २३० वर आहे ना, बघा. ते ११५ वर राहिलं आणि २३० ची वीज आली तर पहिल्या सेकंदात धमाका होतो. नव्या चांगल्या एसएमपीएसला हे बटण नसतं, ते १०० ते २४० पर्यंत आपोआप जुळवून घेतात. मग पॉवर केबल भिंतीला न लावता, तिच्या प्लगची मोठी पिन आणि एसएमपीएसचा पत्रा यांच्यात रेझिस्टन्स मोजा. एक ओहमच्या आत हवा. स्वस्त केबलमध्ये तिसरी वायरच नसते, असं मी दोनदा पाहिलंय.

एसएमपीएस उघडू नका, कधीही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० ते ४०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. बाहेर येणाऱ्या वायरींवर आपल्याला हवं ते सगळं मोजता येतं.

सुट्या होणाऱ्या केबलींचा एसएमपीएस असेल तर पुढचं नीट वाचा. केबलीचं मदरबोर्डकडचं, डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडचं टोक मात्र ज्या त्या कंपनीचं वेगळं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळं. दिसायला तंतोतंत, खोचलं जातं, आणि जिथे ५ व्होल्ट जायचे तिथे १२ जातात. आमच्या शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर एका दुकानात जोडून घेतला होता. केबल कमी पडली म्हणून तिथल्या मुलाने दुसऱ्या एसएमपीएसची लावली. लेकीच्या बारशापासूनचे फोटो असलेली हार्ड डिस्क क्षणात गेली. शेजारीण त्या डिस्कचा डबा घेऊन माझ्याकडे आली होती आणि मला काहीच करता आलं नाही. म्हणून, एसएमपीएसच्या खोक्यात आलेल्याच केबली वापरा. तरीही कुठून दुसरी लावायची वेळ आलीच, तर डिस्क जोडण्याआधी तिच्या प्रत्येक पिनेवर मीटर लावा.

हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस एकटाच चालू करायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. मदरबोर्डला जाणाऱ्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये खिट्टीच्या (कनेक्टर अडकवून ठेवणाऱ्या कडीच्या) बाजूच्या रांगेत हिरवी वायर असते, सोळावी पिन. ती कोणत्याही काळ्या वायरीला टेकवली की एसएमपीएस जागा होतो. यातून तो मेलेला नाही एवढंच कळतं. भार नसताना आकडे छान येणारच. आम्ही प्रयोगशाळेत पिवळ्या (१२ व्होल्टच्या) आणि काळ्या (शून्य व्होल्टच्या) वायरीत गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडायचो, म्हणजे पावणेदोन अँपिअर तरी ओढले जायचे. बल्ब चांगलाच तापतो, तेव्हा फरशीवर ठेवा, कागदावर नको. आणि पंखा फिरला नाही म्हणून एसएमपीएस गेला असं समजू नका, आता बरेच एसएमपीएस गरम झाल्याशिवाय पंखा लावत नाहीत.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी

डीसी व्होल्ट, २० ची रेंज. काळी वायर कॉम या भोकात, लाल व्होल्ट-ओहमच्या भोकात. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर मीटर म्हणजे नुसती जाड तार होते, आणि १२ व्होल्टवर टेकवताच शॉर्ट. दरवर्षी पहिल्या सत्रात कोणीतरी हे करायचंच. म्हणून मोजायला घेण्याआधी भोक बघायचं, हे मी मुलांना हाताने बोट लावून करायला लावायची.

प्रोबच्या टोकाचा तीन-चार मिलिमीटर भाग उघडा ठेवून बाकीच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. शेजारशेजारच्या पिनांवर टोक घसरलं तरी दोन्हींना एकदम लागू नये. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. केस बांधा, ओढणी बाजूला ठेवा, कारण कॅबिनेट उघडं असताना पंखे फिरत असतात.

आता आमची फजिती. भाचीने पहिली मोजमापं घेतली तेव्हा १२ ची लाइन १२.९४ दाखवत होती. ५ ची ५.४० आणि ३.३ ची ३.५७. सगळी मर्यादेबाहेर. ती रडकुंडीला आली, नवा एसएमपीएस परत पाठवायची भाषा सुरू झाली. मी तिला भागाकार करायला सांगितला. १२.९४ भागिले १२, ५.४० भागिले ५, ३.५७ भागिले ३.३. तिन्ही उत्तरं १.०८ च्या आसपास. एसएमपीएसमधल्या तीन लाइनी एकाच प्रमाणात बिघडत नाहीत. तिन्ही सारख्याच फुगल्या असतील तर संशय मापणाऱ्यावर घ्यायचा. माझ्या मीटरमधली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी उतरली होती. बॅटरी उतरली की स्वस्त मीटर जास्त आकडा दाखवू लागतो, कारण ज्या आतल्या व्होल्टेजशी तो तुलना करतो तेच खाली येतं. नवी बॅटरी घातली आणि आकडे आले १२.०७, ५.०४, ३.३३.

तेव्हापासून मी आधी नवा पेन्सिल सेल मोजते. दीड ते १.६ च्या मध्ये आलं की पुढे.

प्रत्यक्ष मोजणी

कॉम्प्युटर बंद, पण भिंतीवरचं बटण आणि एसएमपीएसचं मागचं बटण चालू. काळी प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला मगरचिमट्याने पकडवा, म्हणजे एक हात मोकळा राहतो. लाल प्रोब चोवीस पिनांच्या कनेक्टरच्या मागून, जिकडून वायर आत शिरते तिकडून, वायरीच्या कडेने आत सरकवा. आतल्या धातूला टेकली की आकडा येतो. कनेक्टर काढायचा नाही, तो मदरबोर्डमध्ये बसलेलाच असला पाहिजे.

जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट यायला हवेत. ही स्टँडबाय लाइन, कॉम्प्युटर झोपलेला असतानाही जागी. ती नसेल तर पुढचं बटण दाबून काहीच होणार नाही, आणि दोष बटणात शोधण्यात वेळ जाईल. आमच्याकडे ५.०६ आली.

मग कॉम्प्युटर चालू करा, बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या, पडद्यावर थांबवा आणि एकेक वायर घ्या. मर्यादा अशा:

पिवळी, १२ व्होल्ट: ११.४० ते १२.६०
लाल, ५ व्होल्ट: ४.७५ ते ५.२५
नारिंगी, ३.३ व्होल्ट: ३.१४ ते ३.४६
जांभळी, ५ व्होल्ट स्टँडबाय: ४.७५ ते ५.२५
निळी, उणे १२ व्होल्ट: उणे १०.८० ते उणे १३.२०

करडी वायर पॉवर गुडची. एसएमपीएस स्वतःच्या लाइनी स्थिर झाल्या असं मानतो तेव्हा तिच्यावर ५ च्या जवळ व्होल्टेज देतो. बाकी सगळं ठीक असून ही वायर शून्याजवळ असेल तर मदरबोर्ड सुरूच होत नाही.

हल्ली सगळ्या वायरी काळ्या येतात. मग रंग विसरा, पिना मोजा. खिट्टी नसलेली रांग १ ते १२, खिट्टीची १३ ते २४. दहा आणि अकरा म्हणजे १२ व्होल्ट, चार आणि सहा म्हणजे ५, एक आणि दोन म्हणजे ३.३. आठवी पॉवर गुड, नववी स्टँडबाय, चौदावी उणे १२. वीस क्रमांकाची जागा रिकामी असते, तिथली वायर तुटलेली नाही.

यानंतर प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, अशा तक्रारीत मी आधी हाच बघते, कारण तो मदरबोर्डच्या कोपऱ्यात असतो आणि खोचायचा राहतो. इथे १२ व्होल्ट खिट्टीच्या बाजूच्या चार पिनांवर येतात. ग्राफिक्स कार्डच्या आठ पिनांच्या कनेक्टरवर उलटं, खिट्टीच्या विरुद्ध बाजूच्या तीन पिनांवर. दोन्ही कनेक्टर दिसायला जुळे, वायरिंग उलटं. जोर लावून एकाच्या जागी दुसरा बसवू नका.

भार टाकून

खरी परीक्षा इथे आहे. कॉम्प्युटर नुसता बसलेला असताना चांगले आकडे जवळजवळ कोणताही एसएमपीएस देतो. आम्ही विंडोज टाकून झाल्यावर प्रोसेसरवर प्राइम९५ आणि ग्राफिक्स कार्डवर फरमार्क हे पूर्ण ताण देणारे प्रोग्रॅम एकदम चालवले. वीस मिनिटं. तपमानावर नजर ठेवा, पंख्यांचा आवाज वाढेल, ते बरोबर आहे.

चोवीस पिनांवर १२.०७ चे १२.०१ झाले. ग्राफिक्स कार्डच्या कनेक्टरवर १२.०६ चे ११.८८. कार्डाशी जास्त उतार दिसतो, कारण तिथे जास्त प्रवाह वाहतो आणि केबल आणि पिनांचा थोडा रेझिस्टन्स असतोच. म्हणून दोन्ही ठिकाणी मोजायचं. चोवीस पिनांवर स्थिर आणि कार्डाशी खूप पडलेलं असेल तर एसएमपीएस ठीक आहे, वाटेत काहीतरी सैल आहे. दोन्हीकडे पडलं तर एसएमपीएसला झेपत नाही. आणखी एक खूण: स्वस्त, जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमध्ये १२ वर भार वाढला की १२ खाली जातं आणि ५ वर चढतं, कारण दोन्ही लाइनी एकाच दोरीने सांभाळलेल्या असतात. नव्यांमध्ये ५ आणि ३.३ हे १२ मधूनच वेगळे बनवतात, तिथे असं होत नाही.

भार टाकल्यावर पिवळी वायर ११.७ च्या खाली गेली तर मी तो एसएमपीएस बदलते. नियमात ११.४० चालतं, पण नव्या वस्तूने पहिल्याच दिवशी काठावर उभं राहू नये असं माझं मत आहे.

बायोसमध्ये आणि विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये दिसणारे व्होल्टेजचे आकडे मदरबोर्डवरची एक चिप मोजते, तेही दोन रेझिस्टरमधून वाटून घेऊन. आमच्या बायोसने मीटरच्या १२.०७ ला १२.१९ म्हटलं. कधी उणे १२ च्या जागी भलताच आकडा दिसतो, कारण चिपची ती पिन बोर्डवर कशालाच जोडलेली नसते. या आकड्यांवरून एसएमपीएस परत पाठवू नका. पण बायोसचा आकडाही मीटरच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा, पुढे कॅबिनेट न उघडता फरक पाहायला उपयोगी पडतो.

रिपल म्हणजे डीसीवर चढलेली बारीक थरथर. ती १२ वर १२० मिलिव्होल्टच्या आणि ५ आणि ३.३ वर ५० मिलिव्होल्टच्या आत हवी. तिच्यासाठी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून रिपल मोजायचा प्रयत्न करू नका, तो आकडा खोटा असतो.

सगळं झाल्यावर भाचीने एका कागदावर तारीख, भिंतीचे तीन आकडे, बिनभाराचे आणि भाराचे सगळे आकडे, मीटर कोणता, हे लिहिलं आणि कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला. जूनमध्ये कॉम्प्युटर गाडीतून कुंभार्ली घाटाने पुण्याला गेला.

गणपतीनंतर तिचा फोन आला. मोठा रेंडर लावला की स्क्रीन मधेच काळी पडते. ड्रायव्हर बदलून झाले होते, मैत्रिणींनी नवा एसएमपीएस घ्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, कागद काढ आणि मोज. चोवीस पिनांवर भाराखाली १२.०० आलं, मे महिन्यासारखंच. कार्डाच्या कनेक्टरवर ११.६२. नियमाच्या पट्ट्यात बसणारा आकडा होता तो. कोणीही पास केला असता. पण कागदावर ११.८८ लिहिलेलं होतं. तिने कॉम्प्युटर बंद करून कनेक्टर काढला, टॉर्चने पाहिलं, तर पिवळ्यांपैकी एक पिन कनेक्टरमध्ये मागे सरकलेली आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक किंचित तपकिरी झालेलं. त्याच एसएमपीएसच्या खोक्यातली दुसरी केबल लावली. रात्री अकराला तिचा मेसेज आला, फक्त आकडा: ११.८७.